सेंद्रिय भाजी घ्यायची कुणाकडून?

नमस्कार श्रोतेहो. शाळेच्या खाणावळीसाठी, सोसायटीसाठी किंवा बचत गटाच्या विक्रीसाठी सेंद्रिय भाजी-फळं हवीत? मग दुकान शोधू नका, गट शोधा. पुन्हा सांगते, शेतकऱ्यांचा गट शोधा. 'पीजीएस इंडिया' या सरकारी पद्धतीत किमान पाच शेतकरी एकत्र येतात आणि एकमेकांची शेतं तपासतात; त्यावरून सेंद्रिय मालाचं प्रमाणपत्र मिळतं.

पुरंदर तालुक्यात अशी एक तपासणी पाहायला मी गेले होते. शेत वांग्याचं. किडे वासाने ओढून पकडणारे कामगंध सापळे लावलेले, कडेला दशपर्णी अर्काचं, म्हणजे झाडपाल्याच्या कीडनाशकाचं पिंप. मी वांगी बघत राहिले. गटातल्या आजी मात्र थेट गोठ्यामागे गेल्या. फवारणीचा पंप खुंटीवरून काढला, झाकण उघडलं, वास घेतला.

"हा कुणाला देतोस का रे?"

"चुलत्याला. कांद्यासाठी."

"मग तुला वेगळा घे. तू अर्क भरलास तरी यातलं औषध वांग्यावर जाणारच."

मग बांधावर आल्या. "वरच्या रानातलं पाणी इकडं उतरतंय. चर खण." दोन्ही गोष्टी वहीत लिहायला लावल्या.

मी विचारलं, "आजी, कुणी लपूनछपून फवारलं तर?"

"त्याच्या बांधाला माझा बांध. वारा आमच्याकडं येतो. कळल्यावाचून राहील?"

नवा पंप आला, चर खणली गेली, तेव्हाच आजींनी सही केली. म्हणून म्हणते, गट शोधा.

  

आता प्रमाणपत्रावर मुदत, पिकाचं नाव आणि क्षेत्र बघा. कागदावर दोन गुंठे मेथी आणि दारात रोज टेम्पोभर जुड्या, असं असेल तर विचारा. 'पीजीएस ग्रीन' लिहिलं असेल तर जमीन अजून रूपांतरात आहे, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळते आहे, पूर्ण सेंद्रिय झालेली नाही. एनपीओपी, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली त्रयस्थ संस्थेने दिलेलं प्रमाणपत्रही चालतं. त्यात भाजीसारख्या हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं रूपांतराची, फळबागेला तीन.

आणि पेरणीआधी बोला. पेरणीआधी! श्रावणात दोडकी, कारली हवी असतील तर मे महिन्यातच गटाकडे जा. किती किलो, कोणत्या वारी, काय भाव, हे तेव्हाच ठरवून घ्या.