बुडालेली लग्नसराई आणि नादारीचा कायदा

25 मार्च 2020 रोजी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. एप्रिल उजाडेपर्यंत इंदूरची गणना देशातल्या सर्वाधिक बाधित शहरांमध्ये होऊ लागली होती. राजवाड्याभोवतीच्या बाजारपेठा आणि सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली बंद पडल्याची दृश्ये तेव्हा सर्वांनी पाहिली. ज्यांच्या व्यवसायाला दुकानाची पाटीदेखील नव्हती, त्यांचे काय झाले हे फारसे कोणी पाहिले नाही. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा मराठी वस्त्यांमधून लग्नामुंजींच्या पंगती उठवणारे केटरर आणि भंवरकुआं परिसरातल्या विद्यार्थ्यांना डबे पुरवणाऱ्या खानावळी हे असे व्यवसाय होते.

केटररची वर्षभराची कमाई मुहूर्तांवर ठरते. 2020 ची अक्षय्य तृतीया 26 एप्रिलला आली, तेव्हा टाळेबंदी होती. 2021 ची 14 मे रोजी आली, तेव्हा दुसरी लाट होती. लागोपाठ दोन हंगाम हातचे गेले. आगाऊ घेतलेली रक्कम किराण्यात आणि आचाऱ्यांच्या उचलीत गुंतलेली होती, यजमान ती परत मागत होते, आणि टेम्पोचा व भांड्यांसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येत होता. विद्यार्थी आपापल्या गावी परतल्याने खानावळींची चूलही थंडावली.

मदत आली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रिझर्व्ह बँकेने 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2020 या काळातले हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. परंतु त्या सहा महिन्यांचे व्याज चढतच राहिले. सरकारच्या हमीवर 29 फेब्रुवारी 2020 रोजी फेडायच्या राहिलेल्या कर्जाच्या 20 टक्के इतके जादा कर्ज देण्याची योजना निघाली. परंतु तेही कर्जच होते, आणि ज्याने बँकेऐवजी नातेवाइकांकडून किंवा दागिने गहाण ठेवून पैसे उभे केले होते, त्याला तिचा काहीच उपयोग नव्हता.

कंपनी आणि एकटा व्यावसायिक यांतला खरा भेद नादारीच्या, म्हणजे देणी फेडता न येण्याच्या, कायद्यात दिसतो. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली कंपनीविरुद्ध अर्ज करण्यासाठी लागणारी थकबाकीची किमान मर्यादा 24 मार्च 2020 रोजी एक लाखावरून एक कोटी रुपये करण्यात आली, आणि जूनमधल्या वटहुकुमाने 25 मार्चपासूनच्या थकबाकीसाठी असे अर्जच रोखले. ती मुदत वाढत वाढत वर्षभराची झाली. हा आडोसा कंपन्यांसाठी होता. एकट्याच्या मालकीचा व्यवसाय आणि त्याचा मालक यांत कायदा फरक करत नाही, त्यामुळे धंद्याचे देणे हे थेट त्या माणसाचे देणे ठरते आणि ते घरापर्यंत पोहोचते. अत्यल्प उत्पन्नाच्या ऋणकोला नव्याने सुरुवात करू देणारे प्रकरण त्याच संहितेत लिहिलेले होते, पण ते लागूच झालेले नव्हते. महामारीसारख्या काळात ते लागू न करणे ही मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत मोठी उणीव वाटते.

मग इंदूरच्या केटररला उरला तो 1920 चा प्रांतिक नादारी कायदा, ज्याखाली जिल्हा न्यायालयात स्वतः अर्ज करता येतो. न्यायालयाने नादार ठरवले की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या, म्हणजे मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्याच्या, ताब्यात जाते. मात्र ज्यावर जप्ती येत नाही अशा वस्तू त्यातून वगळल्या जातात. कुटुंबाचे आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्रसुद्धा, त्यांत येतात. तारण ठेवलेले घर मात्र सुटत नाही, कारण तारणावरचा बँकेचा हक्क नादारीनेही थांबत नाही.

या जुन्या कायद्यात एक तरतूद अशी आहे की ती आजच्या माणसाने नीट वाचायला हवी. विनातारण देण्याच्या निम्म्या किमतीचीही मालमत्ता उरली नसेल, तर न्यायालय देण्यांतून पूर्ण मुक्तता नाकारते. पण ज्या परिस्थितीसाठी ऋणकोला न्यायाने जबाबदार धरता येत नाही, अशा परिस्थितीमुळे ते घडले हे त्याने पटवून दिले, तर तेवढ्या कारणावरून मुक्तता नाकारता येत नाही. शासनाच्या आदेशाने बंद राहिलेला हंगाम हे त्यासाठीचे सबळ म्हणणे आहे. अडचण येते ती वह्यांची. व्यवसायाला साजेसे हिशेब मागील तीन वर्षे ठेवलेले नसतील, तर तेही मुक्तता नाकारण्याचे कारण ठरते, आणि तोंडी सांगितलेल्या पंगती व रोखीत घेतलेले पैसे यांची नोंद पुष्कळदा डायरीच्या एखाद्या पानापलीकडे गेलेली नसते. ती पाने, रद्द झालेल्या कार्यांचे निरोप, मंगल कार्यालयांच्या पावत्या, बँकेचे पासबुक, हे सर्व जपून ठेवावे आणि वकिलापुढे मांडावे.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. पतीच्या कर्जावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेल्या, किंवा खानावळ स्वतःच्याच नावावर चालवणाऱ्या स्त्रीला तेथील विनामूल्य मदतीसाठी उत्पन्नाची कोणतीही अट नाही.