ओठावरचा ताप आणि लाल उजेड

गेल्या उन्हाळ्यात एक बाई माझ्या दवाखान्यात आल्या. मुलीचं लग्न पाच दिवसांवर आलेलं. त्या वरच्या ओठावर बोट ठेवूनच बोलत होत्या. मी बोट काढायला सांगितलं, तर ओठावर काहीच दिसेना. "आज नाही दिसणार डॉक्टर, पण कालपासून इथं चुणचुणतंय. उद्या फोड येणार," त्या म्हणाल्या. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं, कारण वर्षातून तीन-चार वेळा अगदी त्याच जागी त्यांना फोड येत असे.

आपल्याकडे "अंगातला ताप ओठावर फुटला" असं म्हणतात. ताप हे फक्त निमित्त असतं. फोड आणतो तो हर्पीस सिम्प्लेक्स १ हा विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात तो आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्या कुणीतरी लाडानं घेतलेल्या पापीतून मिळतो. मग चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत तो झोपून राहतो. कांजिण्यांचा विषाणूही असाच दडून बसतो आणि पुढे नागीण होऊन उठतो, हे तुम्हाला माहीत असेल. त्यामुळे ओठावरच्या फोडाची लाज वाटून घेऊ नका. कितीतरी बायका आणि मुली तोंडाला रुमाल लावून येतात, ते पाहून मला फार वाईट वाटतं.

या विषाणूला जागं करणाऱ्या गोष्टींमध्ये ऊन आहे. १९९१ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना वारंवार असे फोड येतात अशा ३८ जणांच्या ओठांवर अतिनील किरण सोडले. नुसतं औषधाविना मलम लावलेलं असताना त्यातल्या २७ जणांना फोड आले, आणि सनस्क्रीन लावलं तेव्हा एकालाही आला नाही. शेतात, बांधकामावर, रस्त्यावर दिवसभर उन्हात असणाऱ्यांनी ओठांना सनस्क्रीन लावण्याची एवढी एक गोष्ट जरूर करावी.

म्हणजे प्रकाश हा आजार उठवतो. तोच प्रकाश त्याला निजवेल का? हा प्रश्न जुना आहे. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार केल्याबद्दल १९०३ चं नोबेल मिळालं. त्याआधी, १८९३ मध्ये, देवीच्या रोग्यांना लाल उजेडाच्या खोलीत ठेवावं असं त्यांनी सुचवलं होतं. पुढे इतरांनी तपासून पाहिलं तेव्हा देवीवर त्याचा उपयोग दिसला नाही. माणूस मोठा होता, कल्पना सुंदर होती, तरी रोग्याला फरक पडला नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेत याहून मोठी गोष्ट घडली. फोड सुईनं फोडायचा, त्यावर न्यूट्रल रेड नावाचा रंग लावायचा आणि साध्या दिव्याचा उजेड धरायचा. रंग प्रकाश शोषतो, त्यातून ऑक्सिजनचं अतिशय आक्रमक रूप तयार होतं आणि ते विषाणूची मोडतोड करतं. प्रयोगशाळेतल्या बशीत हे खरोखर घडत होतं. ओठ लालभडक रंगवून घेतलेले रोगी बरे वाटल्याचं सांगत होते. पण १९७३ मध्ये असं दिसलं, की रंग आणि प्रकाशानं निकामी केलेल्या हर्पीसच्या विषाणूमुळे हॅमस्टरच्या पेशींत कर्करोगासारखे बदल होऊ शकतात. १९७५ मध्ये नीट तुलना करून केलेल्या चाचणीत त्या उपचाराचा फायदाच आढळला नाही. फोड एरवीही आठ-दहा दिवसांत बरा होतो, त्याचं श्रेय दिव्याला मिळत होतं. आज मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग आणि लाल प्रकाश वापरून तोच विचार पुन्हा पुढे आला आहे. तो करणाऱ्या प्रत्येकानं हा इतिहास वाचलेला असावा, असं मला कळकळीनं वाटतं.

रंग न लावता नुसता मंद लेझर वापरणं ही वेगळी वाट आहे. इथं विषाणू मारायचा नसतो. लाल आणि त्यापलीकडचा अदृश्य प्रकाश पेशीच्या ऊर्जाकेंद्रांकडून शोषला जातो, आणि त्यानं सूज व वेदना कमी होतात असं मानलं जातं. १९९९ मध्ये ५० रोग्यांवर झालेल्या चाचणीत ६९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे लाल, प्रकाश दहा वेळा दिला. आणि लक्षात घ्या, तो फोड नसतानाच्या काळात दिला. पुढचा फोड येईपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या रोग्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ३७.५ आठवडे निघाला. खोटा उपचार दिलेल्यांत तो फक्त ३ आठवडे होता. आकडा डोळ्यांत भरतो, पण माणसं पन्नासच. २०१३ मध्ये १०७२ नॅनोमीटरच्या अदृश्य प्रकाशानं फोड १२९ तासांत भरला, खोट्या उपकरणानं १७७ तासांत. म्हणजे दोन दिवस वाचले. ज्याला बोलताना, जेवताना ओठ तडकतो त्याला दोन दिवस थोडे नाहीत. पण जाहिरातीतलं "कायमचं बरं" हे खोटं आहे. गाठीत झोपलेल्या विषाणूपर्यंत हा प्रकाश पोचत नाही.

त्या बाईंना मी त्याच दिवशी विषाणूविरोधी गोळ्या सुरू केल्या, कारण त्यांचा गुण येतो तो चुणचुणीच्या वेळीच घेतल्या तर. मग दोघींनी चष्मे चढवले आणि मी लेझरची कांडी ओठापासून बोटभर अंतरावर धरली. "थोडं ऊबदार वाटतंय," एवढंच त्या म्हणाल्या. फोड आला, पण बारीक, आणि लग्नाच्या दिवशी त्याची नुसती खपली होती. गुण गोळीचा, लेझरचा की नशिबाचा, हे एका पेशंटवरून मी सांगू शकत नाही. त्यांनाही मी तेच सांगितलं.

तान्ह्या बाळाची पापी फोड असताना कुणीही घेऊ नये. डोळा लाल होऊन दुखू लागला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. आणि घरी मागवलेलं लाल दिव्याचं यंत्र कुठल्याही जखमेवर फिरवू नका. तंबाखू, मिश्री, गुटखा खाणाऱ्याच्या तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर मी तिच्यावर लेझर धरत नाही. आधी तुकडा काढून तपासायला पाठवते.