आधी कासवाचे पाय बघा

श्रोतेहो, नमस्कार.

मृगाचा पाऊस पडला, नाले वाहू लागले की आपल्या तापी-गिरणेच्या पट्ट्यात कुठेतरी कासव दिसतंच. केळीच्या बागेत, पाटचारीत, कधी भर डांबरी रस्त्यावर. पोरं गोळा होतात. कुणी म्हणतं घरी ठेवा, लक्ष्मी येईल. कुणी म्हणतं विहिरीत सोडा, पाणी निवळ राहील. कुणी म्हणतं तापीत सोडा, पुण्य लागेल. सल्ले मनापासूनचे असतात, पण हे कासव जमिनीवरचं की पाण्यातलं, हे कुणी बघत नाही. त्याचा जीव त्यावरच अवलंबून असतो.

पाठीवरून अंदाज बांधू नका. पाय बघा.

जमिनीवरच्या कासवाचे पाय हत्तीच्या पायांसारखे असतात: जाड, उभे, खवल्यांचे, बोटं वेगळी न दिसणारे. पाठ उंच घुमटाची आणि जड. हे गवत, पाला, पडलेली फळं खातं. त्याला पोहता येत नाही. खोल पाण्यात टाकलं तर बुडून मरतं. इंग्रजीत याला टॉरटॉइज म्हणतात. समुद्री कासवाच्या पायांची वल्ही झालेली असतात आणि त्याला डोकं कवचात ओढून घेता येत नाही. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले ती हीच. या दोघांच्या मधलं ते नदी-तळ्यातलं कासव. त्याच्या बोटांमध्ये पातळ पडदा आणि पुढे नखं असतात. ते पोहतं आणि ऊन खायला काठावरही येतं. यातल्या काही जातींना टेरापिन म्हणतात.

आपल्या शेतशिवारात सापडतं ते बहुतेक वेळा हे तिसरंच, आणि त्यातही फ्लॅपशेल नावाचं. हिरवट-तपकिरी रंग, गुळगुळीत कातडीची पाठ, पुढे निघालेलं नळीसारखं नाक. उलटं केलं की पोटाखाली, मागच्या बाजूला, कातडीच्या दोन झडपा दिसतात. घाबरलं की ते मागचे पाय आत घेतं आणि झडपा मिटतात. हे बघण्यासाठी मात्र मुद्दाम उलटं करू नका! उन्हाळ्यात डबकं आटलं की ते चिखलात रुतून राहतं आणि पाऊस आला की बाहेर पडतं. म्हणजे रस्त्यावर दिसलेलं कासव चुकलेलं नसतं, त्याचं त्याचं काम चाललेलं असतं. तोंड ज्या दिशेला असेल त्या बाजूला रस्त्यापार करून द्यावं, एवढीच मदत पुरे. गोगलगायी, बेडूक, मेलेले मासे खाऊन ते पाणी साफ ठेवतं हे खरंच. पण उभ्या कडांच्या विहिरीत टाकलेल्या मादीला अंडी घालायला जमिनीवर येता येत नाही. तिचा वंश तिथेच थांबतो.

आता जास्त काळजीची गोष्ट. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव चोरून विकलं जातं. ते गुजरात-राजस्थानच्या आणि दक्षिणेतल्या कोरड्या माळांवरचं, पक्कं जमिनीचं. पकडले जाऊ या भीतीने किंवा दयेपोटी कुणी ते नदीत सोडलं, तर ती सुटका नव्हे, मृत्यू आहे. उलट, दुकानात मिळणारं, कानामागे लाल पट्टा असलेलं इवलंसं कासव मूळचं अमेरिकेतलं, पाण्यातलं. वाढून ते ताटाएवढं होतं. मग कंटाळून लोक ते तळ्यात सोडतात, आणि आपल्या कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा ते बळकावतं. शिवाय अशा कासवांच्या अंगावर साल्मोनेला हे जुलाब-ताप आणणारे जंतू असू शकतात. म्हणूनच अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. लहान मुलांच्या हाती देण्याआधी याचा विचार करा.

फ्लॅपशेल काय किंवा स्टार काय, दोघंही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत. पाळलं, विकलं तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. लक्ष्मीसाठी ठेवलं होतं, असं सांगून सुटका नाही.

नांगराच्या फाळाने किंवा गाडीखाली कवच तडकलेलं कासव सापडलं तर हळद, चुना, फेव्हिक्विक काहीही लावू नका. कवच म्हणजे त्याच्या कण्याचीच आणि फासळ्यांची हाडं, त्याखाली फुफ्फुसं असतात. हवा खेळेल अशा खोक्यात ओलसर कापड घालून सावलीत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. फोनवर पहिल्यांदा त्याचे पाय कसे आहेत ते सांगा.