हौदांच्या वाटेने पुणं

मंडळी, पत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव ‘पुण्यातील प्रेक्षणीय स्थळे’ असं छापलंय. मी सांगितलं होतं, ‘हौद’. संयोजकांना वाटलं असणार, हौद ऐकायला कोण येणार! त्यांचंही चूक नाही म्हणा. तर आपण तडजोड करू. स्थळं तीच दाखवतो, फक्त वाट हौदांची.

पुण्यात पीएमपीच्या बसमध्ये बसा आणि कान उघडे ठेवा. फडके हौद, नाना हौद, बदामी हौद, काळा हौद. कसब्यात साततोटी. रिक्षावाल्याला ‘साततोटी’ म्हणा, डोळे मिटून आणून सोडेल. तिथे उतरून ‘आता एक तरी तोटी दाखव’ म्हणालात, तर मात्र तुम्हाला खुळ्यात काढेल. पाणी गेलं, दगडही बरेच गेले, नाव तेवढं चौकात उभं राहिलं. मी स्वतः पंचवीस-तीस वर्षं फडके हौदावरून येजा केली, पण कुठला हौद आणि कोण फडके, हा प्रश्न एकदाही डोक्यात आला नाही. मी व्यवसायाने सिव्हिल इंजिनिअर, सगळा जन्म लोकांच्या टाक्या आणि पाइप काढण्यात गेला, त्याची ही अवस्था!

सुरुवात कात्रजपासून करू. कात्रजला लोक जातात ते प्राणिसंग्रहालयासाठी. शेजारचा तलाव म्हणजे पोरांना पाणी दाखवायची जागा, एवढंच. पण १७५० च्या आसपास नानासाहेब पेशव्यांनी डोंगराच्या पायथ्याशी पाणी अडवलं आणि तिथून थेट शनिवारवाड्यापर्यंत नळ आणला. नळ म्हणजे आपल्या मनात येतो तो लोखंडी नव्हे. जमिनीखालून जाणारं दगड-चुन्याचं बांधीव भुयार, आत माणूस उतरून चालू शकेल एवढं. वरच्या तलावात गाळ बसायचा, निवळलेलं पाणी पुढे जायचं. आठ-दहा किलोमीटरची वाट, आजच्या सातारा रस्त्याच्या कडेकडेने, आणि सगळा खेळ उताराचा. आमच्या सोसायटीत पंप जळला की तिसऱ्या मजल्यावर दोन दिवस बादल्या चढतात. म्हणून मला या उताराचं जास्तच कौतुक.

या नळावर ठरावीक अंतराने दगडी मनोरे बांधलेत. त्यांना म्हणायचं उच्छ्वास. बंदिस्त नळातून पाणी वाहताना हवा कोंडते आणि प्रवाह अडतो. त्या हवेला वाट हवी, आणि गाळ काढायला माणसालाही आत उतरायला वाट हवी. दोन्ही कामं उच्छ्वास करतो. मला त्यातला एक दिसला तो एका गॅरेजच्या मागे. टायरच्या ढिगाआडून काळा चौथरा डोकावत होता, अंगावर पिंपळाचं रोप उगवलेलं आणि वर एका उमेदवाराचं पोस्टर. मी दगडाला कान लावला. गॅरेजवाला पोरगा म्हणाला, “काका, काय ऐकताय?” म्हटलं, पाणी. तो म्हणाला, “आमच्याकडे सकाळी साडेसहाला येतं, आत्ता नाही यायचं.”

आत्ता पर्वतीवर चढू. देवदेवेश्वराचं मंदिर १७४९ चं, म्हणजे नळाच्याच काळातलं, आणि पायऱ्या एकशे तीन. वर गेल्यावर सगळे जण उत्तरेकडे तोंड करून आपलं घर शोधतात. तुम्ही पाठ फिरवा, दक्षिणेला कात्रजचे डोंगर दिसतील. पाणी तिकडून खाली कसं उतरलं, ते नकाशाशिवाय डोळ्यांना कळतं. पानिपतानंतर, १७६१ च्या जूनमध्ये, नानासाहेब या पर्वतीवरच वारले. खाली सारसबागेत जिथे आज भेळ खातो तिथे तळं होतं. मधल्या बेटावरचा म्हणून तो तळ्यातला गणपती. तळ्यासाठी आंबिल ओढ्याचं पाणी वळवलेलं होतं. ओढे जुनी वाट विसरत नाहीत, हे २०१९ च्या सप्टेंबरातल्या पुरात एका रात्रीत पुन्हा कळलं, माणसं गेल्यावर.

नळाचं शेवटचं टोक शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावाने पाया घातला तो १० जानेवारी १७३० ला, वार अर्थात शनिवार. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे सगळे पाहतात, हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले. त्या खिळ्यांपुढे फोटोसाठी रांग लागते, आणि ‘काका मला वाचवा’ची गोष्ट तर प्रत्येक मार्गदर्शक आपापल्या आवाजात सांगतो. मी आत हजारी कारंज्यापाशी उभा राहतो. सोळा पाकळ्यांचं कमळ, लहानग्या सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी केलेलं. पेठेतल्या बाया हौदावर घागरी घेऊन ताटकळायच्या, इथे तेच पाणी हवेत उडायचं. १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली आणि पाण्याचा एवढा खेळ मांडलेला हा वाडा आठवडाभर जळत राहिला.

हौदावर पाणी कोणी भरायचं? हा प्रश्न आपल्या हेरिटेज वॉकमध्ये सहसा येत नाही. सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या हौदावर अस्पृश्यांना हात लावायची मुभा नव्हती. ते लांब उभे राहायचे, कोणी वरून ओंजळीत ओतलं तर प्यायचे. म्हणून मी लोकांना गंज पेठेत घेऊन जातो. फुलेवाडा बाहेरून अगदी साधा दिसतो, बुटका, कौलारू, सारवलेल्या अंगणाचा. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. कात्रजचा नळ बांधायला दगड लागले, चुना लागला, गवंडी लागले. इथे काहीच बांधायचं नव्हतं, नुसतं ‘भरा’ म्हणायचं होतं. ते म्हणायला नळ येऊन शंभरावर वर्षं जावी लागली. मुलींच्या शाळेला वीस वर्षं झाली होती तेव्हा. ती १८४८ ची, बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यातली. तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला. ज्यांनी पडका का होईना पण वाडा पाहिला, ते नशीबवान.

फुलेवाड्यातून चालत निघालं की गुरुवार पेठेत पंचहौद. तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या आवारात १८९० च्या ऑक्टोबरमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. रानडे होते, टिळकही होते. चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी घेतला चहा, कोणी नुसता समोर ठेवला. आमंत्रणात पुढाकार होता गोपाळराव जोशींचा, आनंदीबाईंच्या यजमानांचा, आणि मग त्यांनीच पाहुण्यांची यादी वर्तमानपत्रात छापून आणली! पुण्यात असा माणूस हवाच. पुढे ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, आयोग, प्रायश्चित्त. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, टिळकांनी आपण काशीत घेतल्याचं सांगितलं. एका पेल्याने शहर वर्ष-दोन वर्षं ढवळून निघालं. चहाचा तो प्रसंग घडला, आणि दोन महिन्यांच्या आत, २८ नोव्हेंबरला, शेजारच्या पेठेत जोतीराव वारले. या दोन जागा चालत दहा मिनिटांवर आहेत. मी मधलं अंतर मुद्दाम न बोलता चालतो. लोक विचारतात, दमलात का?

सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीलाही नेतो, पण तिथे भाषण करत नाही, नुसतं दारापाशी थांबवतो. काळ्या दगडाचं देऊळ, अठराव्या शतकातलं, गोसाव्यांनी बांधलेलं, नागझरीच्या काठी. गणपतीला तीन सोंडा आणि बसायला मोर. दाराच्या बाजूला खाली पाहा, टोपीकर शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने बांधतायत. प्लासीनंतर इंग्रजांनी बंगाल गिळला त्याचं हे चित्र, असं अभ्यासक सांगतात. पुण्यात कुठला गेंडा? पण पाथरवटापर्यंत बातमी पोचली होती, आणि गणपतीच्या दारात ती कोरून ठेवावीशी वाटली. खाली तळघर आहे, त्यात पाणी साचतं. ते उपसून गुरुपौर्णिमेला दर्शनाला उघडतात.

आगाखान पॅलेस, शिंद्यांची छत्री, लाल देऊळ ही ठिकाणं माझ्या वाटेवर नाहीत, त्यामुळे आज वगळतो. आगाखानला जाल तेव्हा मागे बागेत जरूर जा. कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या समाध्या तिथे आहेत, आणि दर्शनी कमानींपेक्षा तिथे जास्त वेळ उभं राहावंसं वाटतं. केळकर संग्रहालय मात्र वाटेवर घेतो, तेही वजऱ्यांसाठी. पाय घासायची वजरी! पितळेची, कुठे मोर, कुठे हत्ती. टाच घासण्यासाठी एवढं नक्षीकाम करणाऱ्या लोकांनी हौद साधे बांधले असतील, असं मला वाटत नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. माझी आई सांगायची, गावभर पुराचं पाणी आणि प्यायला थेंब नाही. तेव्हा वाड्यांतल्या बुजवायला काढलेल्या आडांची झाकणं निघाली, लोक कळशा घेऊन जुने हौद हुडकत फिरले. ती स्वतः रांगेत होती, पण कुठल्या हौदावर, ते तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. मी चार हौद दाखवले, चारही वेळा म्हणाली, “हा नव्हे.”

तर येत्या रविवारी पहाटे सहाला स्वारगेटला जमू. तीन तास चालायचंय. पाण्याची बाटली ज्याने त्याने घरून भरून आणायची. वाटेत सात हौद लागतात म्हणून हात हलवत येऊ नका.