कोऱ्या तारीखपत्रकाचं पुस्तक

श्रोतेहो, नमस्कार.

मी कोल्हापुरातल्या एका लहानशा वाचनालयात बरीच वर्षं ग्रंथपाल आहे. आमच्याकडे एक पुस्तक आहे, वयात येताना शरीरात काय बदल होतात, पाळी म्हणजे काय, हे सोप्या भाषेत सांगणारं. वर्षअखेरीला पुस्तकांची पडताळणी चालली होती. माझ्या सहकारी बाईंनी त्याचं तारीखपत्रक, म्हणजे पुस्तक घरी दिलं की ज्यावर तारखेचा शिक्का मारतात तो कागद, उघडून दाखवलं. एकही शिक्का नाही. म्हणाल्या, "मॅडम, हे कुणी नेतच नाही. बाद करूया का?"

मी पुस्तक हातात घेतलं. बांधणी सैल झाली होती. मधली वीस-पंचवीस पानं बोटं लागून लागून मऊ पडली होती, एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. पुस्तक घरी कुणी नेलं नव्हतं हे खरं, पण ते वाचलं जात होतं. कपाटाच्या आडोशाला, उभ्या उभ्या, कुणी येतंय का याकडे कान ठेवून.

त्या दिवसापासून तेरा ते अठरा या वयाच्या मुलामुलींकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

आपल्या वाचनालयांत ही मुलं बसणार कुठं? बालविभागातल्या बुटक्या खुर्च्यांत त्यांचे गुडघे मावत नाहीत, आणि लहान पोरांत बसायची त्यांना लाज वाटते. वर्तमानपत्रांच्या टेबलावर ज्येष्ठ मंडळी असतात. दोन मुली जरा कुजबुजल्या की चार माना वर होतात. राहिली अभ्यासिका. तिथं ती येतात, पण दप्तरातून स्वतःचीच गाईडं घेऊन. आमचं टेबल आणि आमचा पंखा वापरतात, पुस्तकांच्या कपाटाला मात्र हात लागत नाही. दहावी-बारावी झाली की येणं बंद.

श्रोतेहो, आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली आपल्या कोल्हापूर संस्थानानं केला. महाराष्ट्र राज्याचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ मध्ये आला. राजर्षी शाहू महाराजांनी तर १९१७ सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. अशा गावात चौदा वर्षांच्या पोराला वाचनालयात हक्काची खुर्ची नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हेच पोरगं तालमीत मात्र बरोबर रुळतं. आपल्याकडे तालमींचे फुटबॉल संघ असतात. पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर ते आलं की कुणी त्याच्यापुढे फॉर्म ठेवत नाही. आधी ते थोरल्यांचे बूट सांभाळतं, पाण्याच्या बाटल्या घेऊन धावतं. मग एखाद्या संध्याकाळी कुणीतरी हाक मारतं, "ए, गोलात उभारतोस काय?" त्याला काम मिळालं की ती तालीम त्याची झाली. शाहू स्टेडियमवर सामना असला की मग त्याला घरी कोण थांबवणार?

आम्ही तसंच करून बघायचं ठरवलं. खिडकीजवळचं एक कपाट रिकामं केलं आणि मुलांच्या ताब्यात दिलं. खरेदीच्या रकमेतला थोडा वाटा बाजूला काढला आणि चार-पाच जणांना घेऊन पुस्तकांच्या दुकानात गेले. त्यांनी काय निवडलं? भुताच्या गोष्टी, फुटबॉलपटूंची चरित्रं, मोबाईल दुरुस्तीचं एक पुस्तक आणि जपानी चित्रकथा. आमच्या कार्यकारिणीतले एक आजोबा कळवळून म्हणाले, "अहो, ही काय वाचायची पुस्तकं?" त्यांची तळमळ खरी होती. मी त्यांना ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं १९३१ सालचं सूत्र सांगितलं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. त्यातलं 'त्याचं' म्हणजे वाचकाचं. ग्रंथपालाचं नाही आणि समितीचंही नाही.

वेळेचं कोडं आम्हाला उशिरा उमगलं. आमचा देवघेव विभाग संध्याकाळी उघडायचा, आणि तेव्हा सगळी मुलं क्लासला. आठला क्लास सुटला की मुलींना थेट घरी जायचं असतं. म्हणून रविवार सकाळ ठरवली. दाखल पुस्तकांवर शिक्के मारणं, कव्हरं घालणं, कपाट लावणं हे त्या दिवशी मुलंच करतात. आदल्या दिवशीच्या सामन्याचं वर्णन हातानं लिहून दारातल्या फळ्यावर लावतात. शुद्धलेखन मी तपासत नाही. चूक दिसली की दुसरं कुणीतरी खडूनं खाली लिहितंच, आणि त्यावर दोन पेठांचं भांडण रंगतं.

पंधरा ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला आम्ही वर्षानुवर्षं व्याख्यान ठेवायचो. मुलं शाळेतून रांगेनं यायची, रांगेनं जायची. त्यातलं एकही पुन्हा आलेलं मला आठवत नाही.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. नववीतली एक मुलगी नियमानं यायची. एकदा तिचं पुस्तक परत यायला उशीर झाला. मी घरी फोन केला, आईनं उचलला, आणि मी सहज पुस्तकाचं नाव सांगून टाकलं. ते प्रेमाविषयीचं होतं. दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ पुस्तक आणि दंडाचे पैसे टेबलावर ठेवून गेला. ती पुन्हा आली नाही. नियमाप्रमाणे मी काहीच चुकले नव्हते, पण एका मुलीच्या तोंडावर वाचनालयाचं दार मीच लावलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे मुलांचं पुस्तक राहिलं तर निरोप मुलालाच जातो, आणि घरी बोलायची वेळ आलीच तर फक्त 'एक पुस्तक यायचंय' एवढंच सांगतो. खिडकीजवळच्या कपाटातली काही पुस्तकं नोंद न करता तिथंच बसून वाचता येतात. ते मऊ पानांचं पुस्तकही आता तिथं आहे. त्याची दुसरी प्रतही घेतली. पालक ऐकत असतील तर त्यांना हात जोडून सांगते, मुलगी काय वाचते हे आम्हाला विचारू नका. तिच्याशी बोला.

आणि मुलांनो, तुमच्यापैकी कुणी आत्ता रेडिओ ऐकत असेल, तर तुमच्या पेठेतल्या, तुमच्या गावातल्या वाचनालयात या रविवारी जा. बंद असेल तर कधी उघडता म्हणून विचारा, दोनदा विचारा. आमच्याकडे आलात तर दार नुसतं ढकलायचं. कव्हरं घालायची बरीच पुस्तकं पडली आहेत. फॉर्म नंतर भरू.

नमस्कार.