पिवळा त्रिकोण

माहितीपटाचं निवेदन (संकलित दृश्यांवर बेतलेला मसुदा)

[दृश्य: रात्र. नवजात अतिदक्षता कक्ष. दिवे मंद. काचेच्या पेटीच्या गोल झरोक्यातून आत गेलेले दोन हात.]

या हातांकडे बघा.

बाळ बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलंय. सिस्टरांनी एक तळवा त्याच्या डोक्यावर ठेवलाय, दुसऱ्यानं पाय पोटाशी दुमडून धरलेत. त्या काहीच करत नाहीयेत असं वाटेल, पण त्यांचं लक्ष बाळावर आहे. श्वास कुठे अडखळतो, कपाळावर आठी कधी पडते, बोटं पसरतात की मिटतात, हे त्या पाहतायत.

मग हात बाहेर येतात. घड्याळाकडे नजर जाते. वही उघडते.

[चार सेकंद फक्त पेनाचा आवाज.]

मुलांच्या शुश्रूषेतलं संशोधन बरेचदा इथून सुरू होतं. प्रयोगशाळा नंतर येते.

[दृश्य: निळा प्रकाश. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं, उघडं बाळ. कॅमेरा सावकाश जवळ.]

काविळीच्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे आता घरोघरी माहीत आहे. पण हा दिवा आला कुठून?

१९५६. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातलं रॉचफोर्ड जनरल हॉस्पिटल. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर जीन वॉर्ड यांच्या ताब्यात होता. पेटीतल्या कोंदट उबेपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवतं, असं त्यांचं ठाम मत होतं. उन्हाळ्यात हवा चांगली असली की त्या सगळ्यात नाजूक बाळांनाही अंगणात नेत आणि डॉक्टरांची फेरी सुरू व्हायच्या आत परत आणत.

एक दिवस फेरी चालू असताना त्यांनी जरा बिचकतच एक बाळ उघडून दाखवलं. सगळं अंग फिकट झालेलं, पण एका ठिकाणी गडद पिवळा त्रिकोण, कडा अगदी रेखीव. डॉक्टर डॉब्स यांना वाटलं, काहीतरी औषध फासलंय. सिस्टर म्हणाल्या, फासलं काहीच नाही, हे उन्हामुळे झालं असणार. दुपट्याचं टोक जिथे अंगावर होतं, तिथली कातडी पिवळीच राहिली होती. उरलेल्या अंगावरचा पिवळेपणा उन्हानं उतरवला होता.

[दृश्य: निळ्या प्रकाशात बाळाची पाठ. डायपरच्या कडेशी रंगातला फरक. इथे थांबा.]

हा फरक आम्हाला कॅमेऱ्यात मिळाला. कडेच्या आत पिवळं, बाहेर फिकट. सिस्टर वॉर्ड यांना हेच दिसलं होतं.

काही आठवड्यांनी त्याच रुग्णालयात काविळीच्या बाळाच्या रक्ताची एक नळी खिडकीत राहून गेली. काही तास ऊन लागलं. तपासणीत बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं रक्तातलं द्रव्य, अपेक्षेपेक्षा खूपच कमी निघालं. आता दोन धागे हातात होते, एक अंगणातला आणि एक खिडकीतला. डॉक्टर क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जोडले. आधी बाळांना उन्हात ठेवून पाहिलं. पण ऊन काही रोज, हवं तेव्हा मिळत नाही, म्हणून पाळण्यावर बसेल अशी निळ्या नळ्यांची चौकट तयार केली.

ही चौकट काय करते? बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे यकृतानं त्यावर प्रक्रिया केल्याशिवाय ते शरीराबाहेर पडत नाही, आणि नवजात बाळाचं यकृत अजून पुरतं कामाला लागलेलं नसतं. निळा प्रकाश कातडीतून आत शिरून त्या रेणूची घडी बदलतो. घडी बदलली की तो पाण्यात मिसळतो आणि यकृताच्या प्रक्रियेसाठी न थांबता पित्तातून, लघवीतून निघून जातो.

१९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला. लेखक म्हणून तीन नावं आहेत: क्रेमर, पेरीमन, रिचर्ड्स. सिस्टर वॉर्ड त्या यादीत नाहीत. म्हणून इथे त्यांचं नाव पुन्हा घेतो. जीन वॉर्ड.

आज जगभर लाखो बाळांची कावीळ याच दिव्याखाली मेंदूपर्यंत पोचण्याआधी उतरते.

[दृश्य: बाळाची टाच. सिस्टरांच्या अंगठ्याएवढीच. कापसाचा बोळा. तपासणीसाठी रक्ताचा थेंब घ्यायची सुई. बाळाचा चेहरा, संथ गतीत.]

आवाज आम्ही मुद्दाम काढलाय. चेहरा पुरेसा आहे.

भुवया जवळ येऊन फुगतात. डोळे घट्ट मिटतात. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होते. या तिन्ही गोष्टी सेकंदात मोजता येतात. टोरांटोच्या बॉनी स्टीव्हन्स या परिचारिका-संशोधक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी वेदनेची मोजपट्टी मांडली, तेव्हा या तीन हालचालींना हृदयाचे ठोके आणि रक्तातला ऑक्सिजन जोडला. बाळ किती आठवड्यांचं आहे आणि टोचण्याआधी झोपलेलं होतं की जागं, हेही त्यात धरलं. कारण फार लवकर जन्मलेल्या बाळात चेहरा हलवण्याइतकंही बळ नसतं. ते गप्प राहिलं म्हणून त्याला दुखलं नाही असं होत नाही.

हे सांगावं लागलं, कारण त्याआधी कित्येक वर्षं उलटंच मानलं जात होतं. बाळाच्या मज्जासंस्थेची वाढ पुरी झालेली नसते, म्हणून त्याला आपल्यासारखं दुखत नाही आणि दुखलं तरी आठवत नाही, असा समज होता. १९८० च्या दशकातही काही नवजात बाळांवर पुरेशी वेदनाशामक भूल न देता, फक्त स्नायू ढिले करणारं औषध देऊन शस्त्रक्रिया होत असत.

[दृश्य: कोरा तक्ता. त्यावर हातानं मांडलेले आकडे, एकेक करून.]

या समजाला आकड्यांनी धक्का देणाऱ्यांत एक परिचारिका फार आधीपासून होत्या. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या जोअॅन ईलंड. १९७० च्या दशकात त्यांनी एक साधं काम केलं, केसपेपर उघडून मोजणी केली. शस्त्रक्रिया झालेली २५ मुलं. त्यांतल्या १३ मुलांना वेदनाशामकाची एकही मात्रा मिळाली नव्हती. उरलेल्या सगळ्यांना मिळून २४ मात्रा. मग तशाच आजारांचे १८ प्रौढ रुग्ण घेतले. त्यांना मिळालेल्या मात्रा होत्या ६७१.

[आकडे पडद्यावर राहू द्या. निवेदन नाही. पाच सेकंद.]

१९८७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शस्त्रक्रियेवेळी फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावरचा ताण बराच कमी राहतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. त्याच वर्षी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं नवजात बाळांनाही भूल दिली पाहिजे, अशी भूमिका घेतली. प्रथा बदलायला त्यापुढेही वेळ लागला.

[दृश्य: खेळायची खोली. चार-पाच वर्षांची मुलगी, हाताला सलाईनची पट्टी. समोर सहा चेहऱ्यांचा कागद. ती बोट फिरवते, एका चेहऱ्यावर थांबते, परत मागे येते.]

तिला घाई करू नका. ती विचार करतेय.

हे सहा चेहरे मुलांच्याच चित्रांवरून आले. अमेरिकेत तुल्सा इथल्या जळीत विभागात डोना वाँग ही परिचारिका आणि कॉनी बेकर ही रुग्णालयातल्या मुलांच्या खेळण्या-समजण्याची काळजी घेणारी तज्ज्ञ काम करत होत्या. १९८० च्या दशकाची सुरुवात. ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ हा प्रश्न लहानग्यांना उमजत नव्हता. आकडे यायचेच नाहीत, किंवा आवडता आकडा सांगितला जायचा. मग या दोघींनी मुलांनाच दुखण्याचे चेहरे काढायला सांगितलं. त्या चित्रांतून पट्टी घडली. पहिला चेहरा हसरा, शेवटच्याच्या डोळ्यांत पाणी. मुलांना कागद दाखवताना एक गोष्ट सांगायची असते: खूप दुखतंय म्हणायला रडू यायलाच हवं असं नाही.

तीन वर्षांच्या पुढचं मूल बोट ठेवू शकतं. त्याहून लहान, किंवा बोलू न शकणाऱ्या मुलाचं काय?

[दृश्य: दीड वर्षाचा मुलगा, ड्रेसिंग बदलताना. दोन सिस्टर दोन बाजूंना, दोघींच्या हातात स्वतंत्र कागद.]

१९९७ मध्ये मिशिगन विद्यापीठात सँड्रा मर्केल आणि सहकाऱ्यांनी पाच गोष्टी निवडल्या: चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होणं. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन. बेरीज दहापर्यंत.

या दोघी एकमेकींचा कागद बघत नाहीयेत, हे लक्षात आलं का? ते मुद्दाम आहे. एकाच मुलाला एकाच क्षणी दोन माणसांनी पाहावं आणि त्यांचे आकडे जुळावेत, तरच ती पट्टी भरवशाची. शेजारी आई उभी आहे. तिची लेखी परवानगी आधीच घेतलीय. समजण्याच्या वयाच्या मुलाला स्वतःलाही विचारतात, आणि ते ‘नको’ म्हणालं तर तो नकार ऐकायचा असतो. एका मोजणीमागे हे सगळं चालतं. नेहमीची ड्युटी सांभाळून करणाऱ्या परिचारिकेला त्यासाठी वेगळे तास मिळायला हवेत. बहुतेक ठिकाणी ते मिळत नाहीत, आणि हे बदललं पाहिजे.

[दृश्य: आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बाळ. वर गुंडाळलेलं कापड. आईचा श्वास, बाळाचा श्वास. हे दृश्य लांब ठेवा.]

[वीस सेकंद निवेदन नाही.]

१९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटामध्ये डॉक्टर एडगर रे सानाब्रिया यांच्या विभागात पेट्या कमी होत्या आणि बाळं जास्त. एका पेटीत एकाहून जास्त बाळं ठेवावी लागत, जंतुसंसर्ग पसरे. मग बाळं आईच्या छातीशी बांधली गेली. नाव पडलं कांगारूचं. टंचाईतली ही सोय टंचाई नसलेल्या ठिकाणी नेण्यात परिचारिकांचा मोठा वाटा होता. अमेरिकेत जीन क्रॅन्स्टन अँडरसन, सुझन लडिंग्टन-हो. तापमान, ठोके, झोप असं सगळं त्यांनी मोजून दाखवलं, कारण ‘आईच्या कुशीत बरं वाटतं’ एवढ्यावर अतिदक्षता कक्षाचं दार उघडत नाही.

माँट्रियलच्या सेलेस्ट जॉन्स्टन यांनी याच दृश्याला मघाच्या टाचेशी जोडलं. ३२ ते ३६ आठवड्यांची बाळं. एकदा पेटीत असताना टाच टोचली, एकदा आईच्या छातीशी अर्धा तास राहिल्यावर. दोन्ही वेळा चेहऱ्याचं चित्रण झालं, आणि गुण देणाऱ्यांना बाळ कुठे आहे ते कळू दिलं नाही. २००३ मध्ये निष्कर्ष आला: आईजवळ वेदनेचे गुण कमी.

[दृश्य: तीच आई, टाच टोचली जातेय. बाळ कपाळाला आठी घालतं आणि सोडतं.]

२०२१ मध्ये घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. १ किलो ते १.७९९ किलो वजनाची ३,२११ बाळं. निम्म्यांना तब्येत स्थिरावण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच आई किंवा घरच्या माणसाच्या छातीशी दिलं. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षात आणावी लागली. २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवला, कारण उरलेल्या बाळांना यापासून दूर ठेवणं योग्य नव्हतं.

[दृश्य: मुलांचा वॉर्ड. पलंगाच्या कडेला बसल्या बसल्या झोपलेली आई. भिंतीवरचं घड्याळ: पहाटेचे चार.]

हीसुद्धा जुनी रीत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कितीतरी रुग्णालयांत आईबापांना ठरावीक दिवशी, थोडा वेळच आत सोडत. आई गेल्यावर मूल रडतं, नंतर गप्प होतं. त्या गप्प होण्याला ‘रुळलं’ म्हणत. लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातले आठ दिवस कॅमेऱ्यात टिपले आणि १९५२ मध्ये ते डॉक्टर-परिचारिकांना दाखवले. पुष्कळजण चिडले. पण गप्प मूल रुळलेलं नसतं, हे डोळ्यांसमोर होतं. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये प्लॅट समितीनं आईबापांना मोकळेपणी भेटू द्यावं, अशी शिफारस केली.

[दृश्य: भिंतीवर लावलेला रंगीत तक्ता. ठोके, श्वास, ऑक्सिजन. लाल रकान्यात पडलेली एक खूण.]

प्रत्येक कल्पना मोजणीत टिकतेच असं नाही. मूल अत्यवस्थ होण्याआधी इशारा मिळावा म्हणून असे तक्ते अनेक रुग्णालयांत आहेत. ७ देशांतल्या २१ रुग्णालयांत अशा एका तक्त्याची परीक्षा झाली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: त्यानं मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. तक्ते अजून वापरात आहेत, पण लाल खूण पडल्यावर कोण किती लवकर पलंगापाशी पोचतं, याकडे आता जास्त लक्ष जातंय.

[दृश्य: सकाळ. नवजात अतिदक्षता कक्ष. ड्युटी बदलतेय. रात्रीच्या सिस्टर आणि दिवसाच्या सिस्टर पेटीपाशी. मूळ आवाज वर आणा.]

रात्रीच्या सिस्टर: ‘याला टोचायच्या आधी पाय असे दुमडून धरा. मी तीनदा पाहिलं. ठोके लवकर खाली येतात.’

दिवसाच्या सिस्टर: ‘किती वेळात?’

रात्रीच्या सिस्टर: ‘लिहिलंय. हे बघा.’

[वहीचं पान. दोन डोकी त्यावर वाकलेली. मागे पेटीतला निळा प्रकाश. दृश्य चालू असतानाच श्रेयनामावली.]