पवनचक्की, आजीचं जातं आणि आमच्या गल्लीतली चक्की

[दृश्य: सकाळ, इंदूरच्या रामबागेतली आटाचक्की, पट्टा सुरू होतो]

आजचा व्हिडिओ मी मुद्दाम इथून सुरू करतेय, टेकडीवरच्या त्या उंच पांढऱ्या पात्यांपासून नाही. आधी हा आवाज ऐका. पट्टा पकड घेतो, मग दगड बोलायला लागतो आणि मिनिटभरात गल्लीभर गरम गव्हाचा वास. पुण्याकडचे आमचे नातेवाईक याला गिरणी म्हणतात, आम्ही इंदूरचे चक्कीच म्हणतो, घरात मराठी आणि इथे आलं की "भैया, बाटी का है, मोटा रखना", हे आमचं रोजचं.

आता पवनचक्की हा शब्द बघा. देवासच्या बाजूला जामगोदरानीच्या टेकड्यांवर नव्वदच्या दशकापासून वीज बनवणाऱ्या टर्बाइन फिरतायत, तिथे गव्हाचा एक दाणा दळला जात नाही, तरी सगळे त्याला चक्कीच म्हणतात. मला हे फार आवडतं. यंत्र बदललं, काम बदललं, पण नावातून दळण काही गेलं नाही.

[दृश्य: जिन्याखाली ठेवलेलं जातं, वरची तळी बाजूला काढलेली]

हे आमच्या आजीचं जातं. वरच्या तळीच्या पोटावर हात फिरवला तर टाकीच्या, म्हणजे छिन्नीच्या, खाचा अजून बोटाला लागतात, मध्यावर जास्त, कडेला जवळजवळ झिजून गेलेल्या. दगड गुळगुळीत झाला की दाणा फुटत नाही, नुसता घसरतो, म्हणून टाकी लावणाऱ्या बायका गल्लीतून हाका मारत जायच्या आणि आजी त्यांना बोलवून अंगणात बसवायची. हॉलंडच्या पवनचक्कीतला चक्कीवालासुद्धा हेच करायचा, जड दगड उचलून उलटा करायचा आणि छिन्नीने खाचा पाडत बसायचा. दगड तोच, दुखणं तेच. फरक एवढाच की आजीच्या जात्याचा खुंटा आजीच्या हातात होता, तिकडे तो वाऱ्याच्या हातात दिला.

आणि तो पहिल्यांदा दिला इराणमध्ये. पूर्वेकडे सीस्तान म्हणून भाग आहे, उन्हाळ्यात तिथे चार महिने वारा थांबत नाही, लोक त्याला १२० दिवसांचा वाराच म्हणतात. हजार वर्षांपेक्षा आधीची गोष्ट आहे ही. मातीच्या उंच भिंती, मध्ये उभा खांब, खांबाला लाकडी पाती, आणि भिंतीच्या फटीतून वारा एकाच बाजूच्या पात्यांवर येईल अशी सोय. खांब फिरला की त्याला जोडलेला दगडही फिरतो, मध्ये दातेरी चाक वगैरे काहीच नाही. नश्तीफान गावात अशा चक्क्या आजही उभ्या आहेत.

युरोपात बाराव्या शतकात पवनचक्क्या दिसायला लागतात, पण तिथे पाती आडव्या दांड्यावर, म्हणजे वारा जिकडून येईल तिकडे सगळी चक्कीच फिरवायची. मग डच लोकांनी हिच्याकडून दळणापेक्षा मोठं काम घेतलं, पाणी उपसायचं. बेमस्टर नावाचं आख्खं तळं त्यांनी पवनचक्क्या लावून १६१२पर्यंत कोरडं केलं आणि त्याची शेती केली. किंडरडाइकला १७४०च्या आसपासच्या १९ चक्क्या अजून रांगेत उभ्या आहेत, १९९७पासून युनेस्कोच्या यादीत. मला तिथे सारखं आपलं इंदूर आठवतं, कारण त्यांना पाणी बाहेर टाकायचं होतं आणि आपल्याला नर्मदेचं पाणी जलूदहून साधारण ७० किलोमीटर घाट चढवून वर आणायचंय, आणि त्या पंपांना इतकी वीज लागते की २०२३मध्ये महापालिकेने खास सोलर प्लांटसाठी २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे हरित कामासाठीचे कर्जरोखे, काढले.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हॉलंड सोडवत नाही. तिथे बंद चक्कीची पातीसुद्धा बोलतात. वरचं पातं शिखराला पोचायच्या जरा आधी थांबवलं तर घरात आनंद, म्हणजे बाळ, लग्न. शिखर ओलांडून जरा पुढे थांबवलं तर घरात कोणीतरी गेलं. २०१४मध्ये अनेक डच प्रवासी असलेलं एमएच १७ विमान पाडलं गेलं तेव्हा देशभरातल्या चक्क्यांची पाती अशीच, शिखराच्या पुढे, थांबवलेली होती.

[दृश्य: संध्याकाळ, टेकडीवर फिरणारी पाती]

साहित्यातली पवनचक्की म्हटलं की सगळ्यांना डॉन किहोते आठवतो. स्वतःला शूर सरदार समजणारा म्हातारा, स्पॅनिश लेखक सर्व्हांतेसच्या कादंबरीतला, पहिला भाग १६०५चा. तीस-चाळीस चक्क्या त्याला राक्षस वाटतात आणि त्याचा नोकर सांचो ओरडून सांगतोय की मालक, त्या चक्क्या आहेत. त्यावरून काल्पनिक शत्रूशी लढणं असा अर्थ रूढ झाला, पण मूळ प्रसंग नीट वाचा, नेमका त्याच वेळी वारा सुटतो, पाती हलायला लागतात, भाला पात्यात घुसतो, मोडतो, आणि घोडा आणि स्वार दोघं फेकले जातात. कल्पना राक्षसाची होती, फटका मात्र खऱ्या वाऱ्याचा बसला. वाऱ्याची ताकद इतक्या थोड्या ओळींत मी तरी दुसरीकडे वाचलेली नाही.

पण माझ्या मनात घर करून बसलाय तो दुसराच म्हातारा. आल्फाँस दोदे या फ्रेंच लेखकाच्या १८६९च्या पुस्तकात कोर्निय नावाचा चक्कीवाला आहे. गावाजवळ वाफेच्या गिरण्या येतात, गहू सगळा तिकडे जातो, एकेक पवनचक्की बंद पडते. याचीच तेवढी फिरत असते, संध्याकाळी हा गाढवावर पोती लादून जाताना दिसतो, आणि लोकांना कळत नाही की याला दळण देतं कोण. एक दिवस पोरं आत शिरतात तर पोत्यांत गहू नसतोच, चुन्यामातीचा चुरा असतो. चक्कीची लाज राखायला म्हातारा माती वाहत होता. मग सगळं गाव आपापला गहू घेऊन त्याच्या दारात येतं. इथे मला प्रत्येक वेळी रडू येतं.

आपल्याकडे पवनचक्कीची अशी गोष्ट झाली नाही, कारण आपलं सगळं जात्याभोवती झालं. पहाटेच्या ओव्या आणि जनाबाईबरोबर दळायला बसणारा विठोबा.

आता वीज. जुलै १८८७, स्कॉटलंडमधलं मेरीकर्क, जेम्स ब्लाइथ नावाच्या प्राध्यापकांनी कापडाच्या शिडांची चक्की उभी करून आपल्या घरात दिवे लावले, आणि उरलेली वीज गावाच्या रस्त्याला देऊ केली तर गावकऱ्यांनी सैतानाचं काम म्हणून नको सांगितलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स ब्रश यांनी १७ मीटर व्यासाचं, १४४ लाकडी पात्यांचं चाक उभारलं, वीज निघायची १२ किलोवॉट. म्हणजे किती? चक्कीची १० हॉर्सपॉवरची मोटर साधारण साडेसात किलोवॉट खाते, म्हणजे त्या एवढ्या धुडावर अशा दोन चक्क्यासुद्धा चालल्या नसत्या.

आज एकेक टर्बाइन दोन-तीन मेगावॉटची असते. उंची वाढवतात ती वाऱ्यासाठीच, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, दुप्पट नाही. म्हणून टेकडी, म्हणून लांबच लांब पाती. आणि वाऱ्यातली सगळी ताकद काढूनही घेता येत नाही, जास्तीत जास्त ५९.३ टक्के, हे आल्बर्ट बेट्झ यांनी शंभरेक वर्षांपूर्वी गणिताने दाखवलं. सगळी काढली तर वारा पात्यामागेच थांबेल आणि मागून येणाऱ्याला जागाच उरणार नाही.

भारतात १९८६मध्ये सुरुवात झाली, त्यात आपलं रत्नागिरीही होतं. २०२५मध्ये देशाने ५० हजार मेगावॉटचा टप्पा गाठला, गुजरात आणि तामिळनाडू पुढे. पात्यांचा पक्ष्यांना त्रास होतो, जुन्या फायबरच्या पात्यांचं करायचं काय हा प्रश्नही सुटलेला नाही, हे पण सांगायलाच हवं. तरी माळव्यासाठी हिशेब सरळ आहे. आषाढ-श्रावणात आभाळ भरलेलं, सोलर मंदावतं, आणि नेमका तेव्हाच नैऋत्येचा वारा जोरात असतो, पवनचक्क्यांची वर्षाची बरीचशी कमाई त्या चार महिन्यांत होते. याच देवासला कुमार गंधर्वांना कोरड्या हवेसाठी आणलं होतं, छातीच्या दुखण्यात, आणि तिथेच त्यांचा आवाज परत आला. तिथली हवा आमच्या घरांत अशी आधीपासून ओळखीची.

[दृश्य: पुन्हा चक्की, बाहेर पाऊस]

तारेतली वीज वेगळी करून दाखवता येत नाही, कोळशाची, ओंकारेश्वरच्या धरणाची, वाऱ्याची, सगळी एकत्रच येते. पण जुलैच्या अशा दिवशी त्यात वाऱ्याचा वाटा असतो, म्हणजे टेकडीवरचा वारा तारेतून इथवर येतो आणि परत दगडच फिरवतो. भैयांनी आत्ता आमचा डबा लावलाय, बाटीचं जाडसर पीठ पडतंय, हात लावला तर चटका बसेल इतकं गरम.